जुन्या रायव्हलरीमुळे कॉलेज फुटबॉलचं शेड्यूल अन्यायकारक होतं का?

तुमचा प्रश्न असा की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये जुन्या रायव्हलरी जपायच्या म्हणून काही टीमना दरवर्षी त्याच तगड्या टीमशी भिडावं लागतं आणि काहींच्या वाट्याला लिंबूटिंबू येतात, मग हे दरवर्षी त्याच टीमशी ठरलेले फिक्स गेम काढून सगळं सरळ रोटेशनवर का टाकत नाहीत. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, फिक्स गेम ठेवायलाच हवेत. अन्याय होतो हे खरंय पण त्याचं मूळ दुसरीकडे आहे.

आधी हिशोब बघा. कॉलेजच्या टीम कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात. त्यातल्या एसईसी या गटात १६ टीम, म्हणजे प्रत्येकीला १५ प्रतिस्पर्धी, आणि २०२५ पर्यंत कॉन्फरन्सचे गेम होते फक्त ८. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये १८ टीम आणि ९ गेम. म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ निम्म्या टीमशी त्या वर्षी गाठच पडत नाही. आयपीएलमध्ये दहा टीम आणि प्रत्येकी १४ मॅच असल्यामुळे कोणाशी दोनदा तर कोणाशी एकदाच खेळतात, त्यावरून आपल्याकडे किती कुरकुर होते, इथे तर एकदाही नाही. त्यामुळे रोटेशन केलं तरी शेड्यूल सारखं होत नाही, फक्त यंदा वाईट नशीब कोणाचं ते बदलतं.

आता तक्रार करणाऱ्यांची बाजू, कारण ती अगदीच फालतू नाहीये. २०१२ मध्ये टेक्सस ए अँड एम आणि मिझुरी आल्यावर एसईसीने १४ टीमचे दोन डिव्हिजन, म्हणजे पोटगट, केले, ६ गेम आपल्या डिव्हिजनमध्ये, १ पलीकडच्या डिव्हिजनमधल्या फिक्स टीमशी आणि १ फिरता. या फिक्स गेममध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) मिळाली फ्लोरिडा आणि अलाबामाला टेनेसी. टेनेसी त्या काळात इतकी ढेपाळली होती की २००७ ते २०२१ सलग १५ वेळा अलाबामाकडून हरली. एकाच डिव्हिजनमध्ये टायटलसाठी भांडणाऱ्या दोन टीम, आणि एकीला फ्लोरिडा तर दुसरीला हे! एलएसयूचे तेव्हाचे कोच लेस माइल्स यावरून उघड बोलायचे, आणि मला त्यांचं पटायचं.

पण जरा मागे जाऊन बघा. १९९५ ते २००१ याच टेनेसीने अलाबामाला सलग ७ वर्षं धुतलं होतं, मध्येच १९९८ ला नॅशनल टायटलही नेलं. तेव्हा हाच फिक्स गेम अलाबामाच्या मुळावर आला होता. म्हणजे चाक फिरतं. आता यावर कोणी म्हणेल की कॉलेजचा पोरगा चार वर्षं खेळणार, त्याला तीस वर्षांच्या सरासरीचं काय कौतुक, तर ते बरोबरच आहे, त्याचं समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही.

मला खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या ६-१-१ मध्ये फिरता गेम एकच असल्यामुळे जॉर्जिया आणि टेक्सस ए अँड एम एका कॉन्फरन्समध्ये असून पहिल्यांदा भेटले २०१९ मध्ये, आणि २०२३ पर्यंत, म्हणजे एक तप उलटलं तरी, जॉर्जियाची टीम ए अँड एमच्या घरच्या मैदानावर, काइल फील्डवर, एकदाही गेली नाही. यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) आणि वेक फॉरेस्टची तर कमालच, दोघी नॉर्थ कॅरोलायनातल्या, दोघी १९५३ पासून एसीसी या कॉन्फरन्सच्या संस्थापक सदस्य, पण वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये पडल्यामुळे गाठभेट इतकी क्वचित व्हायला लागली की २०१९ आणि २०२१ ला त्यांनी आपसात ठरवून नॉन-कॉन्फरन्स गेम खेळले. घरातल्या माणसाला भेटायला अपॉइंटमेंट! दोन्हीकडे गोची केली ती डिव्हिजनने, दरवर्षीचे पाच-सहा गेम तीच खाऊन टाकायची. आणि डिव्हिजनने न्याय तरी कुठे केला, बिग टेनमध्ये ईस्ट-वेस्ट होतं तेव्हा २०१४ ते २०२३ दोन डिव्हिजनच्या विजेत्यांमधल्या दहाच्या दहा फायनल ईस्टने जिंकल्या.

परंपरा सोडली तर काय होतं तेही बघून झालंय. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा दरवर्षी भिडायचे, १९७१ चा नेब्रास्काने ३५-३१ जिंकलेला गेम म्हातारी माणसं अजून सांगतात. १९९६ ला बिग १२ ही कॉन्फरन्स सुरू झाली, दोघं वेगळ्या डिव्हिजनमध्ये गेले आणि गेम झाला दोन वर्षं आहे, दोन वर्षं नाही. असल्या खंडानंतर धार राहतेय कुठे, पुढे २०११ ला नेब्रास्का बिग टेनला गेलीच. उलट अलाबामा-टेनेसीत १५ वर्षं एकतर्फी मार खाऊनही गेम टिकला, म्हणून २०२२ मध्ये टेनेसीने शेवटच्या किकवर ५२-४९ जिंकल्यावर लोकांनी मैदानात घुसून गोलपोस्ट उपटले आणि त्यातला एक नेऊन थेट टेनेसी नदीत टाकला. त्या गेमला जिंकणाऱ्याने सिगार ओढायची पद्धत आहे, त्या रात्री स्टेडियमभर धूर होता. हरलेली १५ वर्षं मध्ये नसती तर एवढं वेड कोणाला लागलं असतं?

बरं, दोन्ही साधता येतं आणि त्याचं गणित सोपं आहे. डिव्हिजन काढायच्या. १६ टीममध्ये ८ गेम ठेवले तर १ फिक्स आणि ७ फिरते, उरलेल्या १४ जणांशी दोन वर्षांत गाठ पडते. पण मग ऑबर्नने अलाबामा ठेवायची की जॉर्जिया, जिच्याशी ती १८९२ पासून खेळतेय? अलाबामाने ऑबर्न ठेवली की टेनेसी गेली. तेच ९ गेम केले की ३ फिक्स, ६ फिरते, आणि उरलेल्या १२ जणांशी पण दोनच वर्षांत गाठ. एका जास्तीच्या गेममध्ये दोन रायव्हलरी वाचतात. एसईसीने बरीच वर्षं टाळाटाळ करून शेवटी २०२६ पासून हेच ठरवलंय. टाळाटाळीचं कारण उघड आहे, नववा गेम म्हणजे निम्म्या टीमच्या खात्यात एक पराभव जास्त. पण २०२४ पासून प्लेऑफ, म्हणजे नॅशनल टायटलसाठीची नॉकआउट स्पर्धा, १२ टीमचा झाल्यावर एका पराभवाने पूर्वीइतकं बिघडत नाही, त्याच वर्षी ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरली आणि तरी नॅशनल टायटल घेऊन गेली.

नवीन यादीत एलएसयू-फ्लोरिडा दरवर्षी नाही, ते बरं झालं. ऑबर्नला मात्र अलाबामा आणि जॉर्जिया दोन्ही कायमच्या, आणि तिसरी वॅन्डरबिल्ट, बहुतेक बॅलन्स करायला म्हणून दिली असणार. २०२४ मध्ये याच वॅन्डरबिल्टने एक नंबरच्या अलाबामाला ४०-३५ हरवलं आणि महिन्याभरात ऑबर्नला ऑबर्नमध्ये जाऊन १७-७.