साध्या कॉम्प्युटरला पदार्थातले इलेक्ट्रॉन का झेपत नाहीत? क्वांटम कॉम्प्युटर तिथे काय वेगळं करतो?

अडचण वेगाची नाही, हिशेबाच्या आकाराची आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितला असेल तर लगेच कळेल: एकाने भाव चढवला की बाकीच्यांचं गणित बदलतं, कुणाला एकटं धरून अंदाज बांधता येत नाही. इलेक्ट्रॉनही तसेच, सतत एकमेकांना ढकलतात. त्यांना बसायला ५० जागा धरा, प्रत्येक जागा भरलेली किंवा रिकामी. झाल्या २ चा ५० वा घात, म्हणजे ११ कोटी गुणिले १ कोटीहून जास्त शक्यता, आणि सगळ्या एकदम हिशेबात धरायच्या! क्वांटम कॉम्प्युटरवर ती अवस्था ५० क्यूबिटमध्ये मावते; क्यूबिट म्हणजे भरलेली आणि रिकामी या दोन्ही शक्यता एकाच वेळी धरू शकणारा त्याचा सगळ्यात छोटा घटक. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमननी १९८१ मध्ये हीच दिशा दाखवली होती.

तांबं, सिलिकॉन वगैरेंना मात्र साधा कॉम्प्युटर छान पुरतो. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून हिशेब करायच्या त्या पद्धतीसाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं. अडतं ते उच्च तापमानाच्या अतिवाहकांपाशी (वीज अजिबात न अडवणारे पदार्थ, म्हणजे सुपरकंडक्टर), किंवा हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या जिवाणूंच्या विकरातल्या (एन्झाइममधल्या) लोह-मॉलिब्डेनमच्या गाठीपाशी. ही गाठ क्वांटम कॉम्प्युटरने उलगडली तर नायट्रोजनचं खत सोप्या रीतीने बनवता येईल, अशी आशा आहे. पण त्यामुळे उद्याच उसाला घालायचा युरिया स्वस्त होणार असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आजचे क्यूबिट इतके चुकतात, की एक भरवशाचा बनवायला शेकडो लागू शकतात.