शेणखताच्या धंद्याला सर्टिफिकेट कुठलं?

पत्र (थोडक्यात): मुलगा बीएस्सी ॲग्री झाला, 64 टक्के. पुण्याला एमपीएससीच्या क्लासला पाठवायची माझी तयारी आहे. तो म्हणतो, घरच्या ट्रॅक्टरनं शेणखत, कोंबडखत गोळा करून शिरोळ-हातकणंगलेकडं पोचवतो, दलालीही करतो, पुढं पिशव्या भरून विकतो. घरात चार म्हशी आहेत, ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे. पाहुणे हसतात. निदान नावापुढं काहीतरी असावं म्हणून खत-वाहतूकदार आणि दलालाचा अमेरिकेतला एक ऑनलाइन कोर्स मी शोधलाय, फी 40 हजार. भरू का?
— एक पालक, कागल तालुका

पैसे भरू नका.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात पाहुणे पानापानावर आहेत, मुलाचा हिशेब मात्र कुठंच नाही. तो किती ट्रॉल्या धरतोय, कुणाकडून उचलणार, ट्रॉलीमागं काय सुटेल, हे तुम्ही त्याला विचारलेलंच दिसत नाही. चार म्हशींचं शेण रोज सकाळी घरातलंच कुणीतरी काढतं, दूध डेअरीला जातं, त्यात कुणाला लाज नाही. तेच शेण मुलानं ट्रॉलीत भरलं की घराण्याची अब्रू? खताचं दुकान टाकलं असतं तर 'पोरगा खताच्या लाईनीत आहे' असं तुम्हीच कौतुकानं सांगितलं असतंत. कोर्स मुलाला नकोय, तुम्हाला हवाय, बैठकीच्या खोलीत लावायला.

कृषी सेवेची परीक्षा त्यानं स्वतः मागितली तरच द्यावी. पाहुण्यांसाठी दिलेले प्रयत्न मोजायचे कुणी?

आता तुमचा खरा गैरसमज. अमेरिकेत असं प्रमाणपत्र आहे, हे खोटं नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यात 2004 च्या कायद्यानं खत वाहणाऱ्याला आणि खताच्या दलालाला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ते देतं त्या राज्याचं कृषी खातं, कुठली कोर्स कंपनी नव्हे. तिथं वाहतूकदार म्हणजे शेतकऱ्याच्या किंवा दलालाच्या सांगण्यावरून खत नेणारा किंवा पसरणारा. दलाल म्हणजे मधल्या काळापुरता खताचा ताबा किंवा मालकी घेणारा. घेणाऱ्याच्या पिकाला नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) किती लागतं आणि खतातून किती जाणार, याचा ताळेबंद त्यानं कागदावर मांडायचा. खत पसरताना ओढ्यापासून 100 फूट लांब राहायचं, काठाला गवताचा कायमचा पट्टा असेल तर 35 फूट. हे नियम तिथल्या नद्यांसाठी आहेत. तो कागद कागलच्या तहसीलदारालाही काही सांगत नाही आणि शिरोळच्या शेतकऱ्यालाही. सुटं शेणखत या शेतातून त्या शेतात न्यायला आपल्याकडं असं वेगळं प्रमाणपत्रच नाही.

परवाना लागतो तो पिशवी शिवली की. सेंद्रिय खत, शहरी कंपोस्ट, गांडूळखत अशा नावानं माल तयार करून विकायचा तर खत नियंत्रण आदेश 1985 लागू होतो. उत्पादनाची नोंदणी, विक्रीचा परवाना, पिशवीवर छापील घटक, आणि माल ठरलेल्या मानकात. नमुना नापास झाला तर खटला जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली, तिथं शिक्षा तीन महिने ते सात वर्षं. विक्री परवान्याला शिक्षणाची अट आहे. ती नसलेल्यांना 15 दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो. तुमच्या मुलाची बीएस्सी ॲग्री हीच ती अट. ज्या कागदासाठी तुम्ही 40 हजार मोजायला निघालात, त्यापेक्षा कामाचा कागद घरात पडलाय! तरी पिशव्यांची घाई पहिली दोन वर्षं करू नये.

सुट्या मालातच शिकायला भरपूर आहे. आपल्याकडं खत ट्रॉलीवर विकतात आणि भांडणं तिथंच होतात. 10 बाय 6 ची, 2 फूट उंचीची ट्रॉली म्हणजे 120 घनफूट, साधारण 3.4 घनमीटर. घनमीटरला 600 किलो धरलं तर दोन टन. पण ते दोन टन ओले किती? ओलावा 60 टक्के असेल तर कोरडा माल 800 किलो, 30 टक्के असेल तर 1400. एकाच भावात जवळजवळ पावणेदोनपट फरक. मूठभर खत घट्ट दाबलं आणि बोटांतून पाणी निथळलं तर तो माल ट्रॉलीच्या भावानं उचलू नये. शंभर ग्रॅम मोजून कडकडीत वाळवून परत तोललं की उत्तर घरीच मिळतं.

दुसरं, कुजलेलं की कच्चं. कच्च्या खतातून तणाचं बी जातं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, जाते. अळ्या दिसल्या तर तो ढीग भरूच नये. उसाचं रान बसलं तर शेतकरी नाव खताचं नाही, तुमच्या पोराचं घेईल. नीट कुजणारा ढीग आतून 55-60 अंशांपर्यंत तापतो, त्यात बरंच तणाचं बी मरतं. ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी हात लावून बघायचं. सळई चटका देत असेल तर कुजणं चालू आहे, थांबा. गार असेल, माल काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा असेल, तर भरा. (गार पण शेणाचाच वास, म्हणजे ढीग नुसता सुकलाय. पाणी मारून पालटा.)

कोंबडखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास, शेणखतात अर्धा टक्का. म्हणून उसाला शेणखत हेक्टरी 20-25 टन सांगतात तेवढंच कोंबडखत टाकलं तर पीक जळेल. शिरोळच्या खारवट रानात तर क्षारांची तपासणी केल्याशिवाय कोंबडखत देऊच नये. ताळेबंदाची ती अमेरिकी पद्धत मात्र फुकटात उचलावी: कुठून आणलं, किती टन, ओलावा किती, कुठल्या गटात टाकलं, एवढी चिठ्ठी प्रत्येक गिऱ्हाइकाला. दलालीचा भरवसा त्यावर बसतो.

आणि हंगाम बघा. गळीत चालू असताना ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर दोन्ही ऊस वाहतुकीला जुंपलेले असतात, जूनला काळ्या रानात चाक घालता येत नाही. मधल्या एप्रिल-मेमध्ये धंद्याची मुख्य कमाई. बाकीचे महिने ढीग गोळा करून कुजवायचे. त्यासाठी ओढ्यापासून लांब, उंचवट्याची जागा लागेल.

एक मोठी गोम ट्रॅक्टरची आहे. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्यानं दुसऱ्याचा माल वाहू लागला की ती व्यावसायिक वाहतूक. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढं करून हात वर करते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती बहुतेकांकडं नसतेच. जादा भरलात तर दंड 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. त्या 40 हजारांतले काही इथं लागतील. आरसी बुक आणि विम्याचा कागद काढा, दोघं मिळून आरटीओत जाऊन वापर बदलून घ्या. ट्रॅक्टर तुमच्या नावावर आहे, अर्जावर सही तुमचीच लागणार.