प्रवासाचं विचारा : केक, कावळा आणि चेरीची झाडं

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी येत्या एप्रिलमध्ये तोक्योला जातोय. ९ तारखेला आमच्यातल्या एकीला पन्नास पूर्ण होतात. तिला पत्ता लागू न देता रात्री बाराला शिबुयाच्या त्या प्रसिद्ध चौकात केक कापायचा, फुगे, गाणं, जरा वाइन, असा बेत आहे. हॉटेलच्या खोलीत करायचं नाही, उघड्यावरच करायचं, एवढं ठरलंय. आमच्यातल्या एकीला (वाढदिवसवालीला नाही) अंडं चालत नाही. परक्या देशात कुणी हटकेल का, अशी धास्ती वाटते.

उत्तर : हटकतील, आणि तेही कमरेत वाकून. शिबुया स्टेशनच्या परिसरात रस्त्यावर दारू प्यायला १ ऑक्टोबर २०२४ पासून बारमाही बंदी आहे, संध्याकाळी ६ ते पहाटे ५ पर्यंत. दंड नाही, पण गस्तीवरची माणसं येऊन बाटली आवरायला सांगतात. पन्नाशीच्या पहिल्याच मिनिटाला हे ऐकणं बरं नव्हे. शिवाय तो चौक म्हणजे वाहता रस्ता. सिग्नल सुटला की चहूबाजूंनी शेकडो माणसं अंगावर येतात. त्यांच्या मधोमध हातात केक आणि सुरी घेऊन उभ्या चौघीजणी मला तरी डोळ्यांपुढे आणवत नाहीत. सुरीचं निघालंच आहे तर सांगते : सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं जपानमध्ये गुन्हा आहे. कापायला प्लॅस्टिकची घ्या.

आणि त्या बाराच्या हट्टाचं काय करायचं? साडेबाराच्या सुमारास गाड्या बंद होत जातात, त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. टॅक्सी मिळते, पण रात्री १० नंतर भाडं वीस टक्क्यांनी चढतं. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री पारा दहाच्या आसपास असतो. बरं, जपान आपल्यापुढे साडेतीन तास. म्हणजे इथले नातेवाईक बाराच्या ठोक्याला फोन करतील तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन झालेले असतील आणि तिची झोपमोड होईल ती वेगळीच. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

सकाळी दहाला योयोगी पार्कमध्ये जा, हा माझा सल्ला. हाराजुकू स्टेशनवरून चालत जाता येतं, तिकीट नाही, वाइनलाही आडकाठी नाही. १९६४च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची वसाहत होती ती याच जागेवर. पार्क खुलं झालं १९६७मध्ये. नऊ तारखेपर्यंत सोमेइ-योशिनोचा, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या फिक्या चेरीचा, बहर बहुधा ओसरायला लागलेला असेल. हळहळू नका. वाऱ्याच्या झुळकीसरशी पाकळ्यांचा जो पाऊस पडतो त्याला तिथे ‘हानाफुबुकी’ म्हणतात, पाकळ्यांचं हिमवादळ. फुगे आणि चमचमते कागद घरीच राहू द्या, हे फुकट आहे.

ऐन फुलांतच बसायचं असेल तर शिंजुकू ग्योएन ही बाग. ५०० येन तिकीट, पण दारू अजिबात नाही, फाटकाशी पिशव्याही पाहतात. बहराच्या काही दिवशी आधी वेळ राखून ठेवावी लागते, ते तपासून घ्या. तिथे इचियो नावाची उशिरा फुलणारी, भरगच्च गुलाबी जात आहे. इतर झाडं ओकीबोकी व्हायला लागली की ही ऐटीत येते. पन्नाशीच्या मैत्रिणीला दाखवायला मला तरी हेच झाड आवडेल. वाइन की इचियो, तुमचं तुम्ही ठरवा.

केक डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून घ्या. तिथे केकचा आकार ‘गो’मध्ये मोजतात, एक गो म्हणजे तीन सेंटिमीटर. चौघींना चार गोचा, बारा सेंटिमीटरचा, पुरे. पार्कपर्यंत किती वेळ लागेल असं काउंटरवरची मुलगी विचारते आणि तेवढा बर्फाचा पुडा खोक्यात ठेवते. मेणबत्त्या मात्र पार्कमध्ये पेटवू नका, तिथे आगीला मनाई असते. बॅटरीवरची न्या, फुंकर मारताना मागून बटण दाबायला एकीला बसवा. अंडं न खाणारीसाठी इचिगो दाइफुकू शोधा : तांदळाच्या चिवट पारीत अझुकीचं, म्हणजे लाल कडधान्याचं, गोड सारण आणि आत अख्खी स्ट्रॉबेरी. घेण्यापूर्वी ‘तामागो’, म्हणजे अंडं, नाही ना, हे मात्र विचाराच.

आता माझी फजिती. योयोगीतच मैत्रिणीचा वाढदिवस होता. केक चटईवर मांडला, आणि सगळ्या फोटोसाठी चार पावलं मागे सरकलो. तेवढ्यात एक कावळा उतरला. तोक्योचे कावळे आपल्याकडच्यांपेक्षा चांगलेच थोराड, चोच तर पकडीसारखी. त्याने शांतपणे वरची स्ट्रॉबेरी उचलली, जाता जाता क्रीममध्ये एक पाय बुडवला. आम्ही गारठलो. वाढदिवसवाली म्हणाली, “शिवला बाई कावळा! म्हणजे माझी काही इच्छा मागे राहिली नाही.” शेजारच्या चटईवरची जपानी मंडळी आमच्याकडे बघत राहिली, हे कुणाला आणि कसं समजावून सांगणार? खोक्याचं झाकण शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नका.

चटई शंभर येनच्या दुकानात मिळते, करासकट ११०. तिच्याखाली खोक्याचा जाड पुठ्ठा अंथरा, जमिनीचा गारवा वर चढत नाही. चपला चटईबाहेर. कचऱ्याचे डबे शोधत फिरू नका. १९९५मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक जागांतले पुष्कळ डबे काढून टाकले, ते परत फारसे आले नाहीत. क्रीमने बरबटलेलं खोकं पिशवीत घालून हॉटेलवर न्यावं लागतं. दोन जाड पिशव्या घ्या, एकीतून गळतं.

गाणं म्हणा, स्पीकर नको. आणि तिला आदल्या संध्याकाळी एवढं तरी सांगा की उद्या सकाळी बाहेर बसायचंय, गरम कपडे घाल. कुडकुडणाऱ्या बाईला कसलंच आश्चर्य सुखाचं वाटत नाही.

प्रश्न : जपानलाच जाणार आहोत. मित्राच्या वाढदिवसाला पार्कमध्ये ड्रोनने वरून चित्रण केलं तर चालेल का? छोटाच ड्रोन आहे.

उत्तर : छोटा म्हणजे किती ग्रॅम? शंभर ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनची तिथे सरकारदरबारी नोंदणी लागते, हा नियम जून २०२२ पासून आहे. दाट वस्तीवर उडवायचा तर परवानगी वेगळी, आणि तोक्यो जवळजवळ सगळं दाट वस्तीतच मोडतं. पार्कचे स्वतःचे नियम असतात ते निराळेच. तुमच्यातल्या सगळ्यात उंच माणसाच्या हातात फोन द्या.