चौंडकं जवळून, संबळ लांबून

चिरंजीवास आशीर्वाद,

मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर गाणी ऐकायला जायचं म्हणतोस. जरूर जा. फक्त देवळासमोर कर्ण्याखाली उभा राहू नकोस. तिथं ‘उधो उधो’ आणि पिपाण्या, एवढंच हाती लागेल. गाड्या सोडून माणसं चुली मांडतात, तिकडं वळ. जेवणं आटोपली की तिथं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा मेळ बसतो. चौंडकं असेल तर पाच-सहा हातांवर बस. मागं बसलास तर त्याच्या तातेचा, म्हणजे तारेचा, नाद विरतो.

चौंडकं म्हणजे लाकडाचा पोकळ नळा. एक तोंड चामड्यानं मढवलेलं, दुसरं उघडं. चामड्याच्या मधोमध ओवलेली तात नळ्यातून बाहेर येते आणि छोट्या लाकडी मुठीला बांधलेली असते. नळा काखेत धरतात, मूठ डाव्या हातात, आणि उजव्या हातातल्या तुकड्यानं तात छेडतात. नवखे लोक उजवा हात बघत राहतात. तू डावा बघ. ताण दिला की सूर चढतो, सैल सोडला की घरंगळत खाली येतो; चौंडकं ‘बोलतं’ ते यामुळं. रात्री दव पडलं की चामडं ढिलं होऊन आवाज बद्द येतो. सोबतचा हलगीवाला मध्येच उठला तर आटोपलं समजू नकोस, तो शेकोटीवर हलगी शेकायला गेलेला असतो.

तुणतुण्याला एकच तार, सूरही एकच. त्यावर कान टेकवून मागून ओळ धरणाऱ्या झीलकऱ्यांकडं लक्ष दे. गाणारा शेवटच्या शब्दावर असतानाच त्यांनी ओळ उचलायला हवी. फट पडली तर मेळ नवा आहे, नाहीतर पहाट झाली आहे. एक पद कानडी, पुढचं मराठी, असंही होईल. अर्थ विचारत मध्ये तोंड घालू नकोस. धृपद पाठ कर आणि झिलीत सामील हो.

लग्नाच्या गोंधळाची गोष्ट उलटी. संबळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचं जोडवाद्य; त्यापासून पंधरा-वीस फूट लांब बस, नाहीतर कान बधिर होतील आणि शब्द हरवतील. रात्री बारालाच उठून घरी येणारे नुसता गण, म्हणजे गणपतीचं नमन, आणि देवींची आवतणं ऐकून येतात: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, सौंदत्तीची यल्लम्मा, एकेकीला ‘गोंधळा ये’ म्हणून हाक. आख्यान त्यानंतर. दुपारी झोप काढून जा.

सुटे पैसे खिशात असू देत. पद चालू असताना नोट नाचवत पुढं जायचं नाही. संपल्यावर परडीत ठेव. मोबाइलवर घ्यायचं तर आधी विचार, आणि घेतलंस तर पद पुरं घे. डोईवर जग, म्हणजे देवीची मूर्ती मांडलेली पाटी, घेतलेली जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली बाई, आली तर वाट दे. देवीला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला, त्याची उलटतपासणी गाणाऱ्या बाईकडं करू नकोस. ती गायला बसली आहे.

आणि घोंगडं ने. डोंगरावर पहाटेचा वारा बोचतो.