सहा वर्षे जुन्या एट्रियल फिब्रिलेशनवर झडपेच्या शस्त्रक्रियेसोबत ‘मेझ’ केल्यास कितपत यश येते?

आपण लिहिले आहे की आईंचे वय ६१ असून गेली सहा वर्षे त्यांना सतत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातील विजेच्या गोंधळामुळे ठोके अनियमित पडण्याचा विकार, आहे, मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया आता ठरली आहे आणि सर्जन त्याच वेळी ‘मेझ’ही, म्हणजे ठोके पुन्हा नियमित करण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यावी असे सुचवत आहेत, मात्र तिचे यश आपण एका ठिकाणी ९० टक्के वाचले, तर दुसऱ्या ठिकाणी ३० टक्क्यांहूनही कमी. मी हृदयशस्त्रक्रियांसाठी भूलतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. अशा शस्त्रक्रिया मी स्वतः केलेल्या नाहीत, रुग्णाच्या उशाशी उभा राहून पाहिल्या आहेत, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. आपण वाचलेल्या आकड्यांत चूक कोणतीच नसावी. शस्त्रक्रिया कोणती, रुग्ण कोणते आणि ठोके किती बारकाईने तपासले, यावर टक्का ठरतो.

बारा महिन्यांहून अधिक काळ अखंड टिकलेल्या फिब्रिलेशनला दीर्घकालीन म्हणतात. तोपर्यंत अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, ताणून मोठा झालेला असतो आणि त्याच्या भिंतीत जागोजागी तंतुमय ऊती साठलेली असते. त्यामुळे विजेचे भरकटलेले प्रवाह तिथे गोल गोल फिरत राहतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये पहिली मेझ केली, तेव्हा त्यांनी अलिंदाला ठरावीक रेषांवर छेद देऊन ते पुन्हा शिवले. व्रणातून वीज जात नाही, म्हणून प्रवाहाला फिरायला जागा उरत नाही आणि नैसर्गिक ठोक्याला मात्र वरून खालपर्यंत जाण्याची एक वाट मोकळी राहते. आज बहुतेक छेदांच्या जागी रेडिओलहरींची उष्णता किंवा अतिशीत सळई वापरून तशाच रेषा उमटवतात.

आईंच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा अभ्यास २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतून प्रसिद्ध झाला. मायट्रल झडपेची शस्त्रक्रिया होणार असलेल्या आणि फिब्रिलेशन चिकटून बसलेल्या २६० रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारख्या पद्धतीने झडपेसोबत अलिंदात अशा रेषा देण्याचे उपचारही दिले गेले. सहाव्या आणि बाराव्या अशा दोन्ही महिन्यांत तीन दिवसांचे होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारे अंगावरचे यंत्र, लावून पाहिले, तेव्हा उपचार झालेल्यांपैकी ६३ टक्के, तर केवळ झडपेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्के रुग्ण फिब्रिलेशनमुक्त आढळले. फरक मोठा आहे. मात्र वर्षभरातील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, आणि कायमचा पेसमेकर बसवण्याची वेळ उपचार झालेल्या गटावर अडीच पटीहून अधिक वेळा आली. पेसमेकरची ही शक्यता सर्जनकडून आधीच समजावून घ्यावी. आयत्या वेळी ती ऐकून हादरलेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

सेंट लुईसच्याच केंद्राने पूर्ण मेझनंतरची दीर्घ नोंद ठेवली असून तिच्यात एका वर्षाने ९२ टक्के आणि दहा वर्षांनी ७७ टक्के रुग्ण तालात, म्हणजे नियमित ठोक्यांत, असल्याचे दिसते. हा हातखंडा असलेल्या एकाच केंद्राचा अनुभव आहे आणि दहाव्या वर्षापर्यंत तपासणीत टिकलेल्यांची संख्या बरीच रोडावलेली होती. उलट, २०२० च्या ब्रिटनमधील अभ्यासात दीर्घकालीन फिब्रिलेशनच्या १२० रुग्णांवर, छाती न उघडता दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची कॅथेटरच्या, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या, उपचाराशी तुलना केली होती. प्रत्येकाच्या त्वचेखाली सतत ठोके नोंदवणारे यंत्र होते आणि ताल राखणाऱ्या गोळ्यांशिवाय मिळालेलेच यश मोजायचे होते. वर्षअखेरीस शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ आणि कॅथेटरवाल्यांपैकी २८ टक्केच या निकषावर टिकले. आपण वाचलेला लहान आकडा बहुधा हाच असावा. पण ती शस्त्रक्रियाच निराळी आहे, त्यामुळे आईंना तो लावू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘ताल आला’ असे कोणी सांगितले, तर त्यावर फार विसंबू नये. शस्त्रक्रियेपुरते हृदय थांबवताना महाधमनीवर लावलेला चिमटा काढला की वर्षानुवर्षे अनियमित असलेले हृदयही पुष्कळदा नियमित ठोक्यांनी सुरू होते, मेझ केलेली नसली तरीही. आणि दोन-तीन दिवसांत अतिदक्षता विभागातल्या पडद्यावर पुन्हा तीच वेडीवाकडी रेघ दिसू लागते.

मला स्वतःला तालापेक्षा महत्त्वाची वाटते ती डाव्या अलिंदाला लागून असलेली छोटी पिशवी, जिला अपेंडेज म्हणतात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये या पिशवीत रक्त धुरासारखे घुटमळताना दिसते. गुठळ्या मुख्यतः तिथेच धरतात आणि मेंदूकडे जातात. फिब्रिलेशन असलेल्या सुमारे ४,८०० रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अन्य कारणाने हृदयशस्त्रक्रिया होत असताना ही पिशवी बंद केल्यास पुढच्या चारेक वर्षांत पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी अडकण्याचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले. त्यांतील बहुतेकजण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतच होते, म्हणजे हा लाभ गोळ्यांच्या वरचा आहे. धातूची झडप बसवली, तर ताल आला तरी गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे याची, तपासणी जन्मभर सुटत नाही.

आईंच्या बाबतीत सहा वर्षांचा काळ अनुकूल नाही. इकोच्या अहवालात डाव्या अलिंदाचा व्यास पाहावा. तो साडेपाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर ताल टिकण्याची आशा आणखी कमी धरावी. तरीही छाती उघडणारच आहे आणि वरच्या कप्प्यापर्यंत पोचायचेच आहे, अशा वेळी माझे मत मेझ करून घ्यावी असेच आहे. मात्र सर्जन अशा किती मेझ करतात, रेषा दोन्ही अलिंदांत देणार की केवळ डाव्या, आणि अपेंडेज बंद करणार ना, हे विचारून घ्यावे. नंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ठोके बिघडले, शॉक द्यावा लागला, तरी त्याला अपयश समजत नाहीत. अलिंदाची सूज उतरून व्रण पक्के व्हायला तेवढा काळ लागतो. त्या काळात रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.