कराडजवळच्या गावातल्या एकट्या म्हाताऱ्या काकूंना मुलगा मारहाण करतो, प्रांत कार्यालयात अर्ज दिलाय. पुढे पाठपुरावा कसा करायचा?

अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का आहे का ते आधी बघा. नसेल तर घ्या, त्याशिवाय टेबलावर कुणी धड उत्तर देणार नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पोटगीच्या अर्जाच्या निकालाला ९० दिवस आहेत (अपवादात 30 जास्त), पण ते मोजायचे नोटीस बजावल्यापासून, अर्जापासून नाही. बहुतेक प्रकरणं इथेच अडतात: मुलगा 'पुण्याला गेलाय', नोटीस परत. म्हणून लिपिकाला पहिला प्रश्न 'निकाल कधी?' असा नको, 'बजावणी झाली का?' असा हवा. मुलाचा कामाचा पत्ता आणि मोबाईल नंबर लेखी द्या. प्रत्येक तारखेला रोजनाम्यात (सुनावणीच्या नोंदीत) काय लिहिलं, पुढची तारीख कोणती, हे वहीत टिपा.

मारहाणीसाठी निकालाची वाट बघू नका. ११२ लावा, सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या. ठाण्यात तोंडी समज देऊन मिटवतात. नोंदीची प्रत मागाच. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७.

काकूंशी मुलासमोर बोलू नका. घरात विचारलं की 'सगळं बरंय'च म्हणतील. स्वतः येणं जमत नसेल तर त्या दुसऱ्याला अधिकार देऊ शकतात.

पोटगीचा आदेश झाल्यावरही लक्ष ठेवा. हप्ता थकला तर वसुलीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो, नाहीतर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही.