नवी सुपरकार जोखताना हॉर्सपॉवरच सगळ्यात महत्त्वाची असते का?

तुमच्या प्रश्नाचा सूर असा आहे की नवी सुपरकार आली की जो तो आधी हॉर्सपॉवर विचारतो, मग गाडीची पत त्या एका आकड्यावरच ठरवायची का?

नाही. हजाराच्या वरचा आकडा दिसला की मी तर आधी वजन किती ते शोधतो. मी पुण्यात ब्रेकच्या सुट्या भागांच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धराच. पण हिशोब तुम्ही स्वतः करून बघू शकता.

ताशी शून्य ते शंभर किलोमीटर गाठायला लागणाऱ्या वेळेपासून सुरुवात करू, कारण हॉर्सपॉवरच्या पाठोपाठ लोक तेच विचारतात. इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो रस्त्यावर उतरतो टायरमधूनच. चांगल्या टायरची पकड ढोबळमानाने एक जी (गुरुत्वाकर्षणाएवढी) धरा, म्हणजे गाडीचं जेवढं वजन तेवढाच जोर टायर रस्त्याला लावू शकतो. या हिशोबाने शंभर गाठायला २.८ सेकंद लागतात. आता १५०० किलोची गाडी आहे, चारही चाकांना ताकद जाते, आणि शंभरच्या वेगालाही तो एक जी टिकवायचा आहे. किती ताकद लागेल? साधारण ५५५ पीएस (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरचंच युरोपीय एकक). पन्नासच्या वेगाला त्याच्या निम्मी. गिअरबॉक्समधला तोटा आणि हवेचा अडथळा धरून ६५० म्हणा. त्यावरचे घोडे शंभरच्या आत बसूनच असतात. ट्रॅक्शन कंट्रोल त्यांना दाबून ठेवतो, आणि तो बंद केलात तर टायरचा धूर निघतो. ताकद फक्त मागच्या चाकांना जात असेल तर ही मर्यादा आणखी लवकर येते. मग काही गाड्या २.५ सेकंदांत कशा जातात? त्यांचे टायर जास्त चिकट असतात. म्हणजे तिथेही श्रेय टायरचं.

आता माझा प्रांत. तीच १५०० किलोची गाडी ३००च्या वेगात आहे आणि तुम्ही पूर्ण ब्रेक मारला. पहिल्या क्षणी एक जीने वेग उतरत असेल तर गाडीतून जवळजवळ १६५० पीएसच्या दराने ऊर्जा बाहेर काढली जात असते. काही वाटा हवेचा, बाकी सगळा ब्रेकचा. इंजिनाची ताकद मासिकाच्या कव्हरवर छापतात, ही कुणी छापत नाही. गाडी पूर्ण थांबेपर्यंत जी उष्णता तयार होते तिच्यात सोळा-सतरा लिटर गार पाणी उकळीला येईल. गाडी १८०० किलोची असेल तर वीस लिटर. ट्रॅकवर हे दर लॅपला पुनःपुन्हा घडतं. डिस्कला गार व्हायला पुरेशी हवा मिळाली नाही की आधी पॅड फेड होतात (तापून पकड गमावतात), मग ब्रेक ऑइल उकळतं, पेडल मऊ होऊन तळाला जातं. त्यानंतर हॉर्सपॉवर जितकी जास्त तितकी भीती जास्त. कार्बन सिरॅमिक डिस्क असल्या म्हणून प्रश्न मिटत नाही, त्यांनाही हवा लागतेच.

म्हणून वजन. १९९० च्या दशकातली मॅक्लॅरेन एफ१ (रेसची नव्हे, रस्त्यावरची सुपरकार) घ्या: ६२७ पीएस, सुमारे ११४० किलो. टनामागे ५५० पीएस. आजची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो १०१५ पीएसची आहे आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे १७७२ किलोची. टनामागे ५७३. एवढ्या वर्षांत हॉर्सपॉवर दीडपटीच्या वर गेली आणि टनामागचा फरक जेमतेम चार टक्के! त्यातही १७७२ हे कोरडं वजन आहे, म्हणजे तेल-पाणी-पेट्रोल न धरता. ब्रोशरमधली ही जुनी चलाखी आहे, लक्षात ठेवा. शिवाय त्या १०१५ पैकी ८२५ इंजिनाचे, उरलेले इलेक्ट्रिक मोटर्सच्या जोरावर, म्हणजे बॅटरीत चार्ज असेल तोवर. रेव्हुएल्टो वाईट गाडी आहे असं मी म्हणत नाही. उलट पुढच्या दोन मोटर्स वळणात प्रत्येक चाकाला वेगळा जोर देतात, ते मला त्या हजारच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. एफ१ घडवणाऱ्या गॉर्डन मरे यांनी नंतर टी.५० केली तेव्हाही ते हजारच्या मागे लागले नाहीत. ६६३ पीएस, वजन हजार किलोच्या आत, इंजिन १२,१०० आरपीएमपर्यंत फिरतं. मला निवडायला सांगितलं तर माझी पसंती तिला. (सांगायला काय जातंय!)

ट्रॅकवरचा पुरावा हवा असेल तर जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग हा रेस ट्रॅक बघा. २०.८ किलोमीटरच्या लॅपला ५२५ पीएसच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसने ६ मिनिटं ४९.३ सेकंद घेतले. शाओमीच्या एसयू७ अल्ट्राने, १५४८ पीएस असून, ७ मिनिटं ४.९ सेकंद. जवळजवळ तिप्पट ताकद आणि पंधरा सेकंद मागे. शाओमी चार दारांची, दोन टनांहून जड सेडान आहे, तेव्हा सामना बरोबरीचा नाही हे मान्य, आणि सेडानसाठी ती वेळ जबरदस्तच आहे. पण पोर्शेचा तो मोठा मागचा विंग गाडीला रस्त्यावर दाबून धरतो म्हणून ती वळणात वेग सोडत नाही, आणि ते हॉर्सपॉवरच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

हॉर्सपॉवरला खरा मान आहे तो वरच्या वेगात. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. बुगाटी वेरॉन १००१ पीएसवर ४०७ला पोचायची. २०१० मध्ये तिच्याच सुपर स्पोर्ट आवृत्तीला १२०० पीएस दिले, विक्रम झाला ४३१चा. वीस टक्के घोडे वाढवून वेग वाढला सहा टक्के. इतक्या वेगात दुसरा इलाजही नसतो. घोडे वाढवा नाहीतर हवेचा अडथळा कमी करा. तुम्हाला टॉप स्पीडचाच विक्रम हवा असेल तर जरूर हॉर्सपॉवर आधी बघा.

आपल्याकडे समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० आहे, आणि त्या वेगाने सलग जायला अशा गाडीला पस्तीसएक पीएस पुरतात. गाडी इथे चालवायची असेल तर नाक उचलणारी लिफ्ट सिस्टिम आहे का आणि ती किती झटपट उचलते हे आधी विचारा. आपल्या सोसायटीच्या गेटवरचे स्पीडब्रेकर बघता पहिली परीक्षा तिचीच.

आणि दोन गाड्यांची तुलना करताना एकक तपासा. युरोपीय कंपन्या पीएस किंवा सीव्ही देतात, ब्रिटिश मासिकं बीएचपी. १००० पीएस म्हणजे ९८६ बीएचपी. मित्रांमधली निम्मी भांडणं या चौदा घोड्यांवरूनच चाललेली असतात.